रक्तातच हाय आमच्या

कडेगाव,
२१ नोव्हेंबर २०२३

मामा,

पाया पडते. आधी पाया पडते, मग भांडते. सुनेनं क्रम चुकवला असं आत्याबाईंनी म्हणायला नको.

फोन केला की तुम्ही 'मेंढरं उसात घुसली' म्हणून ठेवून देता. रोज माझा फोन आला की मेंढरं उसात घुसत असती तर आष्ट्याच्या नानासोंनी तुम्हाला कधीच हाकलून दिलं असतं. उलट ते दरसाल आपल्या रानात खतासाठी तुमचीच मेंढरं बसवून घेतात. म्हणून पत्र त्यांच्या पत्त्यावर टाकते आहे, ते तळावर पोचवतील. तुम्ही चौथी शिकलाय आणि मी अक्षर मोठं काढलंय, तेव्हा वाचता येत नाही ही सबब चालायची नाही. आत्याबाईंना मोठ्यानं वाचून दाखवा. मधली ओळ गाळलीत तर त्यांना लगेच कळतं, हे मी तुम्हाला सांगायला नको.

तुमचा लेक बरा आहे. गोळ्या वेळेवर घेतो, महिन्याला सांगलीच्या डॉक्टरांकडे जाऊन येतो. उसाच्या रोपवाटिकेतलं काम सुटलेलं नाही. झोप चांगली लागते. शिवांजलीला पाढे शिकवतो. पोरगी सातच्या पाढ्याला घाबरते, पण बापाला घाबरत नाही.

आता भांडण. त्या दिवशी साताऱ्याला वकीलबाईंच्या ऑफिसात तुम्ही अर्ध्यातून उठलात. "माज्या बापाला खुळा ठरवाय मी एवढ्या लांब आलो न्हाई," म्हणालात. जिन्यात मला म्हणालात, "माज्या बापाचं नाव बुडवून तुज्या नवऱ्याचं नाव धुऊ नगं." आणि चार दिवसांत तळ हलवलात. दिवाळीच्या आधी आपली मेंढरं कधी हलली होती का हो?

अर्धंच ऐकून गेलात, म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते. ह्यांना अकरा वर्षं नोकरी झाल्यावर फौजेनं मानसिक आजार म्हणून घरी पाठवलं. आजार आहे, ते कुणी नाकारत नाही. पण नोकरीतून सोडल्याच्या कागदावर खाली एक वाक्य लिहिलंय: आजार घराण्यातून आलेला, लष्करी सेवेशी संबंध नाही. हे कशावरून लिहिलं? तुमच्यावरून. ह्यांना आणायला तुम्ही उत्तरेतल्या त्या इस्पितळात गेला होता. डॉक्टरांनी दुभाष्याकरवी विचारलं, घरात आणखी कुणाला असं काही व्हायचं का? तुम्ही छाती काढून सांगितलंत, "माज्या बापाच्या, अर्जुनाच्या, अंगात बिरोबाचं वारं यायचं. तलवार घिऊन नाचायचा, भाकणूक सांगायचा. धा गावं लोटायची. रक्तातच हाय आमच्या."

डॉक्टर परमुलखातले. जत्रेत ज्याच्या अंगात देव येतो आणि पाऊसपाणी, पीकपाणी कसं होईल ते जो सांगतो, त्या माणसाला आपल्याकडे केवढा मान असतो, हे त्यांना काय ठाऊक? त्यांच्या लेखी आजोबाला झटके यायचे, भास व्हायचे, आणि तेच नातवात उतरलं. तुम्ही मान सांगितलात, त्यांनी रोग लिहिला.

वकील ज्ञानदाबाई म्हणतात, भरतीच्या वेळी फौजेनंच तपासून, निरोगी आहे म्हणून घेतलंय. त्यानंतर जे झालं ते नोकरीत झालं असंच धरायचं असतं, उलटा पुरावा नसेल तर. आपल्या बाबतीत उलटा पुरावा म्हणजे तुमचं ते वाक्य. मुंबईच्या लष्करी न्यायाधिकरणात आपण अपील केलंय, त्यासाठी तुमचं प्रतिज्ञापत्र लागतंय. 'मला हिंदी नीट येत नाही, माझ्या बोलण्याचा अर्थ चुकला, माझ्या वडिलांना असं काही होत नव्हतं.' एवढं लिहायचं आणि खाली सही करायची.

त्या वाक्यापायी अडलेल्या पेन्शनचं सोडा. मी चार ब्लाउज शिवते, हे रोपं लावतात, आमचं भागतं. पण हा माणूस अकरा वर्षं जिथं उभा राहिला, त्या जागेचा ह्याच्या आजाराशी संबंध नाही, असं लिहिलेला कागद घरात आहे आणि तो मला सोसत नाही. उद्या शिवांजलीचं लग्न काढायला गेलो तर घराण्यात खूळ आहे हे सरकारी शिक्क्यानिशी लिहिलेलं असेल. या, सही करा, आणि हवं तर मग पुन्हा रुसा.

तुमची सून,
सोनम


कडेगाव,
१४ डिसेंबर २०२३

मामा,

निरोप पोचला. नानासोंच्या ट्रॅक्टरवाल्यानं तो शब्दही न सांडता आणला. "सुनंला सांगा, ज्याच्या अंगात देव येत हुता, त्याला काय होत न्हवतं असं हरिबा लिवून देणार न्हाई. मुंडकं उडवा म्हणावं." मला मुंडकं नको होतं मामा, सही हवी होती.

मी भडकले. ह्यांना म्हटलं, आता तुम्हीच समजवा तुमच्या वडिलांना. तर ह्यांनी हातातला रोपांचा ट्रे खाली ठेवला आणि म्हणाले, "दादा बराबर हायत. आज्जाच्या अंगात देव यायचा. मी ल्हान असताना बघितलाय. खोटं लिवून माजं खरं करून घ्यायचं नाय मला." झालं! बाप आष्ट्यात अडून बसलेला, लेक कडेगावात. तुमच्या घरात मला दिली तेव्हा आई म्हणाली होती, "माणसं सोन्यासारखी हायत, पर मेंढरं परवडली बाई, ती हाकलली तर हलत्यात तरी." तेव्हा मला ती चेष्टा वाटली होती.

पण खरं सांगू का? रागानं मी आत गेले आणि चुलीपाशी उभी राहून मलाच हसू आलं. ह्यांचा एवढा अभिमान वाटला मला. सुटायची सोपी वाट समोर होती. सही तुमची, खोटं तुमचं, ह्यांना बोलायचंही नव्हतं. तरी हा माणूस त्या वाटेनं गेला नाही. डोकं ठिकाणावर नाही म्हणून ज्याला घरी पाठवलं, त्याचं डोकं बघा म्हणावं किती ठिकाणावर आहे.

ज्ञानदाबाईंना फोन केला. वाटलं, आता केस सोडतील. त्या म्हणाल्या, "खोटं लिहायचं नसेल तर मला सगळं खरं सांगा. आम्ही साताऱ्याच्या पेठेतली माणसं, आमच्याकडे देवीचा छबिना निघतो, भाकणूक मी कधी पाहिलेली नाही. अर्जुनांच्या अंगात कधी यायचं, किती वेळ असायचं, त्यांच्याआधी कुणाच्या यायचं, त्यांच्यानंतर कुणाच्या?" मी म्हटलं, मला काय माहीत, मी सून आहे. त्या म्हणाल्या, "मग विचारा."

तुम्ही सांगणार नाही हे दिसतंच आहे. म्हणून येत्या रविवारी बिरोबाच्या देवळात मीच जाणार आहे. आता भाकणुकीचा मान ज्ञानूतात्यांकडे आहे, त्यांना विचारते. तुम्हाला कळवून जाते आहे, मागून कुणी कागाळी करायला नको.

परसात मोठा खड्डा काढलाय, असं शेजारच्या कुणीतरी आत्याबाईंना फोनवर सांगितलं म्हणे. त्यांना म्हणावं, काळजी नको. शोषखड्डा आहे, ग्रामपंचायतीची योजना आलीय.

सोनम


कडेगाव,
९ जानेवारी २०२४

मामा,

हे पत्र आत्याबाईंना वाचून दाखवू नका. आधी एकट्यानं वाचा, मग तुम्हाला वाटलं तर दाखवा.

ज्ञानूतात्या देवळामागच्या लिंबाखाली लोकर कातत बसले होते. अर्जुनाआज्जांचं नाव काढल्यावर चाती बाजूला ठेवली. म्हणाले, "अर्जुनाचं वारं लय कडक. ढोल-कैताळ वाजाय लागलं, भंडारा उधळला, की यायचं. भाकणूक झाली की तांब्याभर पाणी प्यायचा आन दुसऱ्या दिवशी मेंढरामागं. जत्रा सोडून कवा न्हाई. घरात न्हाई, रानात न्हाई. रोग काय जत्रंची तारीख बघून येतोय व्हय?"

मी ते उतरवून घेतलं. मग सहज विचारलं, आज्जांच्या मागं मान तुमच्याकडे कसा आला? तुमची भावकी वेगळी. आमच्या घरात तर सांगतात, मेंढरामागं फिरावं लागतं म्हणून मामांनी आपण होऊन तुम्हाला दिला. तात्यांनी वर बघितलं. "हरिबा असं सांगतोय?" म्हणाले. मग म्हणाले, "सांगू दे की." मी उठले नाही. तुम्हाला माहीत आहे, मी उठत नाही. शेवटी त्यांनी सांगितलं.

अर्जुनाआज्जा गेले तेव्हा सगळ्यांनी धरलंच होतं की मान हरिबाकडे जाणार. तुम्ही उपास धरलात, नवं घोंगडं खांद्यावर घेतलंत, जत्रेत ढोलांपुढं जाऊन उभे राहिलात. वारं आलं नाही. पुढच्या जत्रेला पुन्हा उभे राहिलात. तिसऱ्या जत्रेलाही उभे राहिलात, आणि तुमच्या मागं ढोल वाजवणाऱ्या ज्ञानूतात्यांच्या अंगात आलं.

"मी ढोल वाजवत हुतो गं पोरी, मी काय मागाय गेलो न्हवतो," तात्या म्हणाले. "हरिबा वळला. माज्याकडं बघितलं. आन माज्या कपाळाला पयला भंडारा त्येनं लावला. दुसऱ्या कुनी न्हाई. असा माणूस हाय त्यो. पर तवापास्नं ढोलाम्होरं उभा ऱ्हायला न्हाई. बघितलेलं जुनं लोक गेलं, ऱ्हायलेलं कुनी त्ये काढत न्हाई."

मामा, हे कुणाला सांगितलं नाहीत म्हणून मी तुम्हाला नावं ठेवत नाही. लेक आत खाटेवर पडलेला, मुलूख परका, भाषा परकी. तिथं माणूस आपल्या घरातलं सगळ्यात मोठं असेल तेच पुढं करणार. तुम्ही बापाला पुढं केलंत. मीही तेच केलं असतं.

पण ज्ञानदाबाईंना हे कळवलं तेव्हा त्या फोनवर ओरडल्याच. "सोनम, मग हे रक्तात नाहीच! मुलाकडे आलं नाही, दुसऱ्या भावकीत गेलं. अर्जुनांना खोटं पाडायची गरजच नाही आपल्याला. हरिबांनी एवढंच सांगायचं, वडिलांच्या अंगात यायचं तो देवाचा मान होता, आणि तो माझ्याकडे आला नाही."

म्हणजे आज्जांचं नाव जसंच्या तसं राहतं. लेकाला खोट्याचा आधार घ्यावा लागत नाही. फक्त तुम्हाला एक खरं बोलावं लागतं, तेही परक्या बाईपुढं, शिक्का मारलेल्या कागदावर. मी काय मागते आहे ते मला कळतं मामा. न कळता मागितलं असतं तर सोपं गेलं असतं.

आणखी एक. तो शोषखड्डा नाही. ग्रामपंचायतीची योजनाबिजना काही आलेली नाही. रोपवाटिकेतून दुपारी जेवायला आले की कधीकधी हे परसात जातात आणि खणत बसतात. खोरं दिलं तर घेत नाहीत, हातानं खणतात. झोप चांगली लागते असंही मी लिहिलं होतं. बाजेवर झोपत नाहीत ते, उंबऱ्याशी बसून डुलकी काढतात. डॉक्टरांना सगळं सांगितलंय. ते म्हणतात, वेळ लागेल, पण सुधारतंय.

परवा मी ह्यांच्या शेजारी खड्ड्याच्या काठावर जाऊन बसले. विचारलं काहीच नाही. बऱ्याच वेळानं ह्यांनी एक नाव घेतलं, राजवर्धन. कोरेगावकडचा पोरगा, ह्यांच्याच तुकडीतला, बर्फाखाली गेला. पुढं काय झालं ते सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "आजार रक्तातला म्हणत्यात. मग राजवर्धन कुठं गेला? त्येचं काय?"

तुमचा लेक स्वतःसाठी भांडत नाही मामा. त्याला त्या कागदावर राजवर्धन हवा आहे. आजार घराण्यातला ठरला तर तो पोरगा हिशेबातच राहत नाही, असं ह्यांना वाटतं. मलाही आता तसंच वाटायला लागलंय.

चोवीस तारखेला ज्ञानदाबाई दिवसभर साताऱ्यात आहेत. हे त्या दिवशी सांगलीला डॉक्टरांकडे असतील. तुम्ही आलात तर ह्यांना कळणार नाही. नाही आलात तर तीन जत्रांचं मी कुणापाशी बोलणार नाही. ते तुमचं आहे, तुमच्यापाशी राहील.

सोनम


कडेगाव,
२८ जानेवारी २०२४

मामा,

सातारा स्टँडवर एसटीत चढलात आणि खिडकीतून माझ्याकडे बघितलंही नाहीत. आत्याबाईंनी तेवढ्यात भाकऱ्यांचं गाठोडं माझ्या हातात कोंबलं. माझा राग नाही. भाकऱ्या छान होत्या.

"सुनंनं भायेर बसायचं," म्हणालात, मी बसले. पण ज्ञानदाबाईंच्या ऑफिसचं दार पातळ आहे. ऐकू आलं ते आलं, कान काय कापून ठेवू?

आधी खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. मग आत्याबाई म्हणाल्या, "आवं, बोला की. का मी सांगू?" तुम्ही म्हणालात, "भामे, तू गप." आणि मग तुम्ही बोललात ते मला पाठ झालंय. "लिवा बाई. माजा बाप अर्जुना. त्येच्या अंगात बिरोबाचं वारं यायचं. ते खरं हाय, ते खोडायचं न्हाई. जत्रंत यायचं, जत्रंत जायचं. मी त्येचा थोरला. तीन जत्रा देवाम्होरं उभा ऱ्हायलो. देव माज्याकडं आला न्हाई. मी लोकास्नी सांगितलं, मान मी सोडला. सोडला न्हाई, मला मिळालाच न्हाई. रक्तातबिक्तात काय नसतंय. रक्तात असतं तर मला मिळालं असतं. माज्या लेकाला जे झालं ते तिकडं झालं, बर्फात. माज्याकडनं गेलं न्हाई."

वकीलबाईंच्या कारकुनानं शाईचा पॅड पुढं केला असावा. तुमचा आवाज चढला, "ठसा नगं. सही करतो. चौथी शिकलोय."

मी बाहेरच्या बाकावर पदर तोंडात कोंबून रडले. शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांना वाटलं मी केस हरले, त्यांनी मला पाणी दिलं. मी म्हटलं, आजोबा, आत बोलतायत ते माझे सासरे आहेत. मी हरिबाची सून, हे आजपर्यंत रेशनकार्डापुरतं सांगत होते. आता कुणी विचारलं नाही तरी सांगणार आहे.

तुम्ही दोघं जिना उतरत होता तेव्हा ज्ञानदाबाई बाहेर येऊन माझ्याजवळ बसल्या. म्हणाल्या, "मी फक्त ते वाक्य खोडायची वाट शोधत होते. हरिबांनी ते वाक्य तसंच ठेवलं आणि त्याच्यासमोर उभे राहिले. आता आपण भांडू शकतो."

तुमची अट माझ्या ध्यानात आहे. तुमच्या लेकाच्या, बिरदेवच्या, कानावर जाता कामा नये. प्रतिज्ञापत्र वकीलबाईंच्या कपाटात आहे. हे विचारत होते, "दादा आलं हुतं का सातारला?" मी म्हटलं, वकीलबाईंनी दुसरी वाट काढलीय. हे खोटं नाही, फक्त अर्धं आहे. बाकीचं अर्धं तुम्हाला वाटेल तेव्हा तुम्ही सांगा.

सोनम


कडेगाव,
१२ डिसेंबर २०२४

मामा, आत्याबाई,

हे दोघांनी मिळून वाचायचं. मोठ्यानं वाचा, नानासोंनाही बोलवा, शेजारच्या तळावरची माणसं आली तर येऊ द्या.

पावसाळाभर तुम्ही घरी होता आणि माझ्याशी एकदाही सरळ बोलला नाहीत. "शिवांजली, तुज्या आईला सांग, भाकरी जाड झालीया." "शिवांजली, आज्जांना सांग, दात पडले की भाकरी जाडच लागते." मधल्या मधे पोरीचा घसा बसला. आता मेंढरं घेऊन आष्ट्याला गेलात, म्हणून पुन्हा पत्र. आपलं पत्रातच बरं जमतं.

जिंकलो मामा.

कालच मुंबईहून आलो. न्यायाधिकरणात दोघं बसतात, एक न्यायाधीश आणि एक फौजेतले निवृत्त अधिकारी. सरकारी वकिलांनी उभं राहून तुमचं ते वाक्य वाचलं. इंग्रजीत ऐकताना ते आपलं वाटतच नव्हतं. मग ज्ञानदाबाई उठल्या. भरतीच्या वेळचा तपासणीचा कागद दाखवला, बर्फाची दरड कोसळली त्या दिवसाची तुकडीची नोंद दाखवली, आणि तुमचं प्रतिज्ञापत्र पुढं केलं. मला वाटलं होतं, ते नुसतं फायलीला लागेल. पण त्या फौजी साहेबांनी ते हातात घेतलं, खालची सही बघितली आणि म्हणाले, मोठ्यानं वाचा, मराठीत आहे तसंच वाचा, मला कळतं.

तुमची अट मोडली ती तिथं. मी मोडली नाही, पण मी थांबवलंही नाही. हे पुढच्या रांगेत बसले होते, मी मागं. मी मान खाली घातली आणि वाचून होईपर्यंत वर केली नाही. ह्यांच्याकडे बघायचा धीर झाला नाही मला.

आदेशातलं जसंच्या तसं लिहिते, ज्ञानदाबाईंनी मराठीत करून दिलंय. 'अर्जदाराच्या आजोबांबाबतचा वृत्तान्त हा धार्मिक परंपरेतील मानाचा असून त्यास आजार म्हणता येणार नाही. तो रक्ताने पुढे गेलेला नाही, हे अर्जदाराच्या वडिलांनी शपथेवर सांगितले आहे. सहकारी राजवर्धन यांचा मृत्यू झालेल्या हिमदुर्घटनेतील बचावकार्यात अर्जदाराने भाग घेतला होता. अर्जदाराचा आजार लष्करी सेवेमुळे उद्भवला आहे. नोंद दुरुस्त करावी.'

राजवर्धनचं नाव आहे त्यात. ह्यांनी त्यावर बोट ठेवलं आणि परत परत वाचलं. मग ज्ञानदाबाईंना म्हणाले, "मॅडम, ह्येची एक कॉपी कोरेगावला त्येच्या आईला पाठवायची." पुढच्या आठवड्यात आम्ही स्वतःच जातोय.

बाहेर पायरीवर हे बसले आणि बोलायला लागले. आठ वर्षांच्या संसारात मी एवढं बोलणं ऐकलं नव्हतं. "आज्जानं देव पेलला, दादांनी घर पेललं, मीच तेवढा मोडलो, असं वाटायचं मला," म्हणाले. "दादांनी ह्ये एकट्यानं वागवलं गं. मेंढरामागं चालत चालत." मग राजवर्धनचं सांगितलं. वरून बर्फ सुटलं तेव्हा तो पाठीमागून हाका मारत होता. हाका थांबल्या. खोरी मोडली तेव्हा ह्यांनी हातानं खणलं. सापडला तेव्हा पहिल्यांदा त्याचा हातच ह्यांच्या हातात आला. उघडा होता. सकाळी त्यानं आपले हातमोजे काढून ह्यांना दिले होते, कारण ह्यांचे भिजले होते.

मामा, कागदानं आजार बरा होत नाही. डॉक्टरांनी मला हे बजावून सांगितलंय आणि मी ते धरून चालले आहे. पण ह्यांचं दुखणं कुठून आलं हे आता सरकारला माहीत आहे, शिवांजलीला मोठी झाल्यावर वाचता येईल, आणि तोवर कुणी खुळं म्हणालं तर मी आहेच.

ज्ञानूतात्यांकडे आज सकाळी जाऊन आले. आदेश वाचून दाखवला. 'वडिलांनी शपथेवर' इथं आल्यावर त्यांनी मला थांबवलं. "हरिबा म्हणाला असं? सोताच्या तोंडानं?" मी हो म्हटलं. म्हाताऱ्यानं कागदाला हात लावून बघितला. मग म्हणाला, "मला बोलाय ढोल लागतोय, भंडारा लागतोय. ह्ये असलं मला जमलं नसतं, पोरी." गावात आता सगळ्यांना कळलंय. तीन जत्रांचंही कळलंय. कुणी हसलं नाही मामा. पारावर दोघं-तिघं आपणहून उठून ह्यांच्याशी बोलायला आले आणि पहिला प्रश्न हाच होता, हरिबा कवा येणार हाय?

मी तुमची सून आहे आणि मला त्याचा गर्व आहे. असं तोंडावर बोलायची आपल्याकडे रीत नाही, म्हणून लिहिते. खाली ह्यांना काहीतरी लिहायचंय म्हणे, जागा सोडते.

सोनम

दादा,

सोनमनं लिहिलेलं सगळं वाचलं. एक तिला माहीत नाही, कारण तिची मान खाली होती.

तुमचा कागद वाचायला लागले तसा मी उठलो. वकीलबाई खुणावत होत्या, बसा. मागच्या एकानं शर्ट ओढला. मी बसलो नाही. शेवटची ओळ संपून तुमचं नाव वाचेपर्यंत सावधानमध्ये उभा होतो.

अकरा वर्षं हुकमानं उभा राहिलो, दादा. हे बिनहुकमाचं.

तुमचा,
बिरदेव